कोबेची जर्मन शाळा, वळिवड्याची पोलिश शाळा आणि तुझी दोन पोरं

पत्र असं आलंय :

"काकू, आम्ही रुईकर कॉलनीत राहतो. मिस्टर शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत आहेत, तिथलं कास्टिंग जपानला जातं आणि आता कंपनी त्यांना तीन-चार वर्षांसाठी कोबेला पाठवतेय, फॅमिलीसकट. मुलगा ९ वर्षांचा, मराठी मिडीयमला चौथीत आहे. मुलगी ५ वर्षांची, मोठ्या गटात. शाळेची फी कंपनी भरणार. तिथं एक शाळा बघितलीय, तिथल्या जर्मन लोकांनी १९०९ साली स्वतःच्या पोरांसाठी काढलेली. आता इंटरनॅशनल झालीय, एक जर्मन सेक्शन, एक इंग्लिश सेक्शन, शिवाय जपानी शिकवतात. मिस्टरांना पसंत आहे. सासूबाई म्हणतात जर्मनांच्या शाळेत आपल्या पोरांचं काय काम, चार भाषांत गोंधळतील, मराठी विसरतील आणि परत आल्यावर ना धड इथली ना धड तिथली. मुलगा रात्री झोपताना विचारतो, मला इंग्लिशमधनं बोलताच नाही आलं तर? मी काय उत्तर देऊ?"

अगं, तू काकू म्हणालीस म्हणून मी तुला तू म्हणते. पत्र दोनदा वाचलं. तुझ्या पोराचा तो प्रश्न तू सगळ्यात शेवटी लिहिलायस पण मला तर वाटतं सगळं पत्र त्याच्यासाठीच आहे, त्याच्याकडं मी येणारच आहे, आणि जरा सविस्तर येणार आहे. पण आधी सासूबाईंचं बघू, कारण त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही, आणि त्याचं उत्तर तुला जपानात शोधायला नको, ते आपल्या कोल्हापुरातच आहे.

वळिवडं तुला माहितीच असणार, गांधीनगरला कपडे घ्यायला जातो ना आपण, तोच सगळा भाग. तिथं १९४३ ते १९४८ पोलंडच्या लोकांचा कॅम्प होता. सुमारे ५,००० माणसं, त्यात बहुतेक बायका आणि पोरं. दुसऱ्या महायुद्धात रशियानं पूर्व पोलंडमधनं उचलून सायबेरियाकडं नेलेली ही कुटुंबं, तिथनं सुटून इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि आपल्या संस्थानात राहिली. आमच्या घरातली जुनी माणसं सांगायची की त्या गोऱ्या बायका बाजाराला यायच्या, मोडकंतोडकं बोलून भाजी घ्यायच्या. आता विचार कर, घर गेलेलं, नवरे युद्धावर नाहीतर मेलेले, अंगावरच्या कपड्यानिशी आलेल्या बायका, आणि त्यांनी इथं काय उभं केलं तर शाळा. बालवाडीपासून हायस्कूलपर्यंत, पोलिश भाषेतनं. चर्च, स्काऊट, नाटकं, सगळं. आजूबाजूला मराठी, कॅम्पच्या ऑफिसचा कारभार इंग्रजीत, आणि पोरं वर्गात बसून पोलिश व्याकरण शिकतायत. पुढं ती पोरं इंग्लंडला गेली, ऑस्ट्रेलियाला गेली, काही परत पोलंडला गेली, आणि म्हातारपणी त्यांच्यातली कितीतरी कोल्हापूर बघायला परत आली. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे आणि तिकडं वॉर्सात आपल्या कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. त्यांची भाषाही गेली नाही आणि कोल्हापूरही त्यांच्या मनातनं गेलं नाही.

म्हणून सासूबाईंना जर्मनांची शाळा म्हणजे काय हे सांगायचं तर वळिवड्यापासनं सांग. कोबेतही हेच झालं, फक्त माणसं निर्वासित नव्हती, व्यापारी होती. कोबे बंदर परदेशी लोकांना १८६८ मध्ये उघडलं, मग इंग्रज, जर्मन, अमेरिकन, चिनी, सगळे आले. आज तिथं कितानो नावाच्या टेकडीवर त्या परदेशी लोकांची जुनी घरं जपून ठेवलीत, त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध घर, छपरावर वाऱ्याचा कोंबडा असलेलं, एका जर्मन व्यापाऱ्याचं, आणि तेही त्याच १९०९ च्या सुमाराचं. म्हणजे एकीकडं माणसं पक्की घरं बांधत होती आणि त्याच वेळी त्यांच्या लक्षात आलं की पोरं इथंच वाढणार तर भाषेचं काय. घर बांधलं तशी शाळा बांधली. आपल्याकडं शाहू महाराजांच्या काळात १९०१ पासनं मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली ती आठव, सुरुवात आपल्या पोरांसाठी आणि मग हळूहळू दारं मोठी होत जातात. जगात अशा बऱ्याच शाळा आहेत. जिनिव्हाची १९२४ ची इंटरनॅशनल स्कूल लीग ऑफ नेशन्सच्या नोकरदारांच्या पोरांसाठी निघाली. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे कोडाईकनालची, १९०१ मध्ये अमेरिकन मिशनऱ्यांच्या पोरांसाठी निघालेली. सगळ्यांची गोष्ट एकच, परक्या मुलखात आलेल्या आईबापांची काळजी. तुझ्यासारख्याच आयांनी काढलेली शाळा आहे ती, एवढं लक्षात आलं की परकी वाटणार नाही.

आणि कोबे आपल्या माणसांना नवीन नाही. १९२३ च्या मोठ्या भूकंपात योकोहामा उद्ध्वस्त झालं तेव्हा तिथले हिंदी व्यापारी कोबेला आले, सिंधी आणि गुजराती लोक तिथं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, जैन मंदिर आहे. (त्याच भूकंपामुळं एक जर्मन बेकरीवालाही योकोहामा सोडून कोबेला आला, कार्ल युखहाइम, पहिल्या महायुद्धातला कैदी, त्यानंच जपानला बाऊमकुखेन नावाचा थराथराचा केक दिला, पोरांना खायला घाल, अंडं चालत असेल तर.) म्हणजे वळिवड्यात पोलिश लोक गेल्यावर त्याच जागेत सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर झालं, आणि तू जिथं चाललीयस तिथंही सिंधी दुकानदार तुला मसाला देणार. जग असं आहे.

आता मुद्द्याचं. त्या जर्मन शाळेनं जर्मन टिकवली कारण ती त्यासाठीच काढलेली. तुझी मराठी ती शाळा टिकवणार नाही, आणि बुडवणारही नाही. ते घरात होतं. आणि इथं मी जरा कडक बोलणार आहे. माझ्या सख्ख्या भाच्याची पोरं परदेशात वाढली. भाच्यानं आणि सुनेनं पहिल्या सहा महिन्यांत काय केलं तर पोरांना शाळेत सोपं जावं म्हणून घरात इंग्लिश सुरू केलं. मनानं चांगलंच केलं, पोरांच्या काळजीनंच केलं. आज ती पोरं आजीला व्हिडिओ कॉलवर हाय म्हणतात, आजी मराठीत विचारते, पोरांना थोडं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये येतं, आजी नुसती हसते. फोन ठेवला की माझी बहीण बराच वेळ काही बोलत नाही. मी ते बघितलंय. म्हणून तुला हात जोडून सांगते, पोराला इंग्लिश जमत नाही म्हणून घरात इंग्लिश सुरू करू नकोस. तुझं इंग्लिश त्याच्या शिक्षकांइतकं चांगलं नसणार, आणि तुझं मराठी मात्र त्या अख्ख्या शाळेत कुणाकडं नसणार. तुझ्याकडं जे आहे ते दे.

आता तुझा मुलगा. मी ३२ वर्षं मराठी शाळेत शिकवलं, दुसऱ्या भाषेतनं आलेली पोरं खूप बघितली, कर्नाटकातनं आलेली, बांधकामावरच्या मजुरांची तेलुगू बोलणारी. एक गोष्ट दरवेळी तीच. नवीन पोर पहिले काही महिने वर्गात गप्प असतं. आईबाप घाबरतात, शिक्षकही कधी कधी म्हणतात याला काही येत नाही. पण ते पोर गप्प बसून ऐकत असतं, सगळं साठवत असतं आणि एक दिवस डब्याच्या सुट्टीत भांडताना पूर्ण वाक्य बोलतं. भांडणातनंच येतं बघ बहुतेक पहिलं वाक्य. तेव्हा रात्री त्यानं परत विचारलं तर त्याला सांग की पहिले काही महिने तुला बोलता नाही आलं तरी चालतंय, कुणी रागावणार नाही, मीही रोज "आज काय बोललास इंग्लिशमध्ये" असं विचारणार नाही. आणि खरंच विचारू नकोस. शाळेतनं आल्यावर डब्यात काय खाल्लंस, कुणाशी खेळलास, मराठीत, बास.

पण एक खोल गोष्ट आहे ती मात्र तू आणि तुझ्या मिस्टरांनी नीट समजून घ्यायला पाहिजे. जिम कमिन्स म्हणून कॅनडातले एक अभ्यासक आहेत, दुसऱ्या भाषेत शिकणाऱ्या पोरांवर त्यांनी आयुष्यभर काम केलं. त्यांनी १९७९ च्या सुमाराला दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. एक बोलायची भाषा, खेळायची, भांडायची, दुकानातली. ती साधारण दोन वर्षांत येते. दुसरी अभ्यासाची भाषा, म्हणजे भूगोलाचा धडा वाचून समजणं, कारणे द्या लिहिणं, गणितातलं शाब्दिक उदाहरण सोडवणं. ती यायला पाच ते सात वर्षं लागतात. आता तुझ्या पोराचा हिशेब मांड. नवव्या वर्षी गेला, तेराव्या वर्षी परत आला. दोन वर्षांत फाडफाड इंग्लिश बोलायला लागेल, तुम्ही सगळे खूश होणार, नातेवाईक कौतुक करणार. पण अभ्यासाचं इंग्लिश अजून अर्ध्या वाटेवर असेल, आणि अभ्यासाचं मराठी चौथीतच थांबलेलं असेल. तिथं पोर खरं अडकतं. सासूबाई ज्याला ना धड इथलं ना धड तिथलं म्हणतात ते हेच, आणि त्यांची भीती खरी आहे, फक्त कारण चार भाषा नाहीत. कारण एक भाषा मध्येच सोडणं हे आहे.

यावर उपाय अवघड नाही पण रोजचा आहे. त्याची मराठी थांबू देऊ नकोस, बोलायचीच नव्हे, अभ्यासाची. पाचवी, सहावी, सातवीची बालभारतीची मराठीची पुस्तकं आणि परिसर अभ्यास, सामान्य विज्ञान, भूगोल, हे सगळं घेऊन जा, सामानात जागा नसेल तर बालभारतीच्या साईटवर पीडीएफ फुकट मिळतात. रोज अर्धा तास, जास्त नको, पण रोज. आणि नुसता धडा वाचायला लावू नकोस. त्याला शाळेत जे इंग्लिशमधनं शिकवलं तेच संध्याकाळी मराठीत तुला समजावून सांगायला लाव. समजा शाळेत पाण्याचं चक्र चाललंय तर त्यानं तुला बाष्पीभवन, संघनन हे शब्द वापरून सांगायचं. त्याच्या डोक्यात ती गोष्ट आधी मराठीत पक्की असली तर इंग्लिशमध्ये त्याला फक्त नवीन शब्द लागतात, समजणं नव्यानं लागत नाही. कमिन्सनी हेच सांगितलंय, एका भाषेत जे खोल शिकलं ते दुसऱ्या भाषेत आपोआप कामाला येतं. आणि एक गंमत बघ, त्याला पाढे तोंडपाठ असणार, गणितात तो तिथं पहिल्याच महिन्यात पुढं असेल, त्या एका तासाला त्याची मान वर राहील. ती जप. पाढे मराठीतच म्हणू देत.

मुलीची मला काळजी कमी वाटते आणि जास्त पण वाटते. पाचव्या वर्षी गेलेलं पोर इंग्लिश, जपानी असं उचलेल की तू बघत राहशील, त्यामुळं गोंधळ वगैरे काही होत नाही, जगात दोन-तीन भाषांत वाढणारी पोरं कितीतरी आहेत, आपल्याच निपाणी-बेळगावात घरात मराठी, दारात कन्नड, मशिदीजवळच्या गल्लीत दखनी, शाळेत इंग्लिश असं चाललेलं असतं आणि पोरं मजेत असतात. सुरुवातीला एका वाक्यात तीन भाषा घालेल, घालू दे, चूक काढू नकोस, तू तेच वाक्य सरळ मराठीत परत म्हण. पण ती अजून मराठी वाचायला शिकलेली नाही. भाऊ निदान वाचू शकतो, तिची मराठी फक्त कानात आहे आणि कानातली भाषा लवकर पुसते. म्हणून जायच्या आधी जेवढे महिने आहेत त्यात तिची बाराखडी सुरू कर. पाटी घे, हो पाटीच, हात वळतो.

आणि आता तुला एक अशी गोष्ट सांगते की सासूबाईंनाही आवडेल. जपानी मुलं अक्षरं कुठल्या क्रमानं शिकतात माहितीय? आ, इ, उ, ए, ओ. मग का, कि, कु, के, को. मग सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. वाचून बघ परत. आपल्या वर्णमालेचीच चाल आहे, आणि तो योगायोग नाही, बौद्ध भिक्खूंनी संस्कृतचा अभ्यास केला त्यातनं तो क्रम तिकडं गेला. म्हणजे जिला बाराखडी येते तिला जपानी अक्षरांचा तक्ता ओळखीचा वाटणार. वाक्याची रचनाही आपलीच, मी भात खातो, तसंच वाताशी वा गोहान ओ ताबेरु, क्रियापद शेवटी, आणि आपले ला, ने, चा जसे शब्दाला मागनं चिकटतात तसेच त्यांचेही. इंग्लिश बोलणाऱ्या पोरांना हे उलटं वाटतं, तुझ्या पोरांना सरळ वाटेल. जर्मनचं पण तेच. त्यांच्यात तीन लिंगं, डेर, डी, दास, आपल्या तो, ती, ते सारखी, हिंदीत सुद्धा दोनच आहेत. जर्मनमध्ये मुलीला दास मेडशेन म्हणतात, नपुंसकलिंग, इंग्रज पोरं डोकं धरतात, पण आपण नाही का म्हणत "ते पोरगं कुठं गेलं"? चोवीस म्हणताना आपण आधी चार आणि मग वीस म्हणतो ना, जर्मनही तसंच म्हणतात, फियर-उंड-त्स्वान्त्सिश, चार आणि वीस. मराठी आलेलं पोर त्या शाळेत रिकाम्या हातानं जात नाही, एवढं मला म्हणायचंय. ही गोष्ट पोराला पण सांग, रात्री झोपताना, त्याच प्रश्नाच्या वेळी.

सेक्शन कुठलं, तर दोघांनाही इंग्लिश. जर्मन सेक्शन जर्मनीच्या अभ्यासक्रमाकडं नेणारं असतं, ते ज्यांच्या घरात जर्मन आहे किंवा जे पुढं जर्मनीला जाणार आहेत त्यांच्यासाठी ठीक, तुम्ही तीन-चार वर्षांत कोल्हापूरला परत येणार, तेव्हा ते अर्धवट सोडायला लागेल. जपानी मात्र सोडू नका, दोघंही घेऊ देत, शेजारच्या पोराशी खेळायला तीच लागणार. कुणी म्हणेल सरकारी जपानी शाळेत घाला, परदेशी पोरांना पण तिथं फी नसते, पुस्तकं फुकट. मुलीसाठी विचार करण्यासारखं आहे हे मी नाकारत नाही, पण मुलाला नको, प्राथमिकच्या सहा वर्षांत १,०२६ कांजी, म्हणजे चिनी लिपीतनं आलेली अक्षरं, शिकवतात तिथं, तो मधनंच जाणार आणि ती अर्धी शिकून होईपर्यंत तुमचं परतायचं तिकीट निघालेलं असेल.

शाळेला ईमेल करशील तेव्हा, किंवा मिस्टर आधी जाऊन बघून येणार असतील तर, काही गोष्टी स्पष्ट विचारून घ्या. शाळा कुठल्या इयत्तेपर्यंत आहे हे सगळ्यात आधी, कारण मुलगा मोठा आहे, दोन वर्षांनी परत शाळा बदलायला लागली तर त्याचे हाल होतील. इंग्लिश नवीन असलेल्या पोरांसाठी वेगळा शिक्षक आहे का, आठवड्यात किती तास, त्याची फी वेगळी आहे का. घरची भाषा पोरं बोलली तर शाळा काय म्हणते. यावरनं शाळेचा स्वभाव कळतो, चांगल्या शाळा आईबापांना सांगतात की घरात तुमचीच भाषा बोला, आणि जी शाळा सांगेल की घरात पण इंग्लिशच बोला तिथं मी दहा वेळा विचार करीन. जन्मतारखेवरनं कुठल्या वर्गात बसवणार तेही विचार, आपलं जूनला सुरू होतं, जपानी शाळा एप्रिलला, आणि या इंटरनॅशनल शाळा बहुतेक उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर ऑगस्ट-सप्टेंबरला, त्यात सहा महिने पुढं-मागं होतात. मागं बसवत असतील तर मुलासाठी मान्य करा, त्याला श्वास घ्यायला वेळ मिळेल. आणि कंपनीकडनं फीचं लेखी घ्या, प्रवेश फी, बस, युनिफॉर्म असल्यास तो, भाषेची जादा फी, आणि पोस्टिंग वाढलं तर फी कोण भरणार. तोंडी नको.

एक गोष्ट तिथं गेल्यावर तुला जाणवेल, तिची तयारी ठेव. अशा शाळेतली निम्मी घरं तुझ्यासारखीच तीन-चार वर्षांची असतात. दरवर्षी उन्हाळ्यात कुणाचा तरी जिवलग मित्र कोरियाला नाहीतर हॉलंडला निघून जातो. पोरं रडतात, मग पुढच्या वर्षी मैत्री करताना हात आखडता घेतात. तेव्हा "दुसरा मित्र मिळेल" म्हणू नकोस, नीट निरोप घ्यायला शिकव, पत्ता घे, फोटो काढा, घरी जेवायला बोलव, पिठलं-भाकरी कर. अशा पोरांना एक नाव पण आहे, थर्ड कल्चर किड्स, रूथ युसीम नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी दिलेलं, आणि ते त्यांना सुचलं १९५० च्या दशकात, भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना. म्हणजे सासूबाईंनी जे म्हटलं तेच त्या बाईंनी बघितलं, पण त्यांनी त्यात तिसरी एक जागा बघितली, आईबापांची नाही, त्या देशाची नाही, या पोरांची स्वतःची. त्या जागेत पोरांना एकटं वाटू शकतं हे खरं. आजी फोनवर असली आणि तिच्याशी बोलता येत असलं की एकटेपणा पुष्कळ कमी होतो.

म्हणून आजीला कामाला लाव. सासूबाईंना सांग, तुमच्याशिवाय हे होणार नाही, आणि ते खरंच आहे. आठवड्यातनं तीन दिवस, ठरलेल्या वेळी, व्हिडिओ कॉलवर आजी गोष्ट सांगणार. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं आहे, म्हणजे आपल्याकडं दुपारी चार वाजले की तिकडं संध्याकाळचे साडेसात, पोरांची जेवणाची वेळ, आजीचा चहा. "कशी आहेस, बरी आहे" असले कॉल नकोत, दोन मिनिटांत संपतात. जोतिबाची गोष्ट, पन्हाळ्याची, अंबाबाईच्या किरणोत्सवाची, आजोबांच्या तालमीची, एका कॉलला अर्धी आणि उरलेली पुढच्या कॉलला. मुलगा आजीला महिन्यातनं एक पत्र लिहील, हातानं, देवनागरीत, पोस्टानं. आणि आजीनं तिच्या भाषेत बोलायचं, पुस्तकी नाही. आपल्या कोल्हापुरात पोरी पण "मी आलो, मी जातो" म्हणतात, तुझ्या मुलीच्या तोंडात ते असेल तर कोबेत पण राहू दे, कुणी पुण्याचं भेटलं आणि हसलं तरी बदलू नकोस.

तिथं मराठी घरं शोध, चार सापडली तरी पुरे, महिन्यातनं एक रविवार पोरांना एकत्र बसवा. १९०९ मध्ये कोबेत त्या जर्मनांनी तरी वेगळं काय केलं असेल? आधी काही घरं एकत्र आली असणार, मग एक खोली, मग शाळा. तुम्ही शाळा काढायची गरज नाही, एक सतरंजी पुरेल.

परत यायचं थोडक्यात. राज्याच्या २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, तेव्हा पोरं कुठल्याही शाळेत आली तरी मराठी समोर उभी राहणारच, आज रोजचा अर्धा तास दिलात तर तेव्हा क्लास लावायला लागणार नाही. मुलाला आठवीपर्यंत परत आणायचं बघा, सीबीएसईची नोंदणी नववीत होते आणि थेट दहावीत प्रवेश मिळवणं फार कटकटीचं असतं. कंपनी पोस्टिंग वाढवायचं म्हणाली तर पगाराच्या आधी मुलाची इयत्ता मोजा.

जायच्या आधी शाळा सोडल्याचा दाखला इंग्लिशमधनं मागून घे, प्रगतीपुस्तकं, लसीकरणाचं कार्ड, सगळ्याच्या दोन-दोन कॉप्या. दाखल्यावर नावाचं स्पेलिंग आणि पासपोर्टवरचं स्पेलिंग एकच आहे का बघ, यात लोक फार अडकतात, आणि दुरुस्तीला इथं असतानाच वेळ मिळतो.

आणि या रविवारी एक कर. पोरांना आणि सासूबाईंना घेऊन महावीर उद्यानात जा. ते पोलंडचं स्मारक दाखव. मुलाला सांग की तुझ्याच वयाची पोरं लांबनं इथं आली होती, त्यांना मराठी येत नव्हतं, इंग्लिश पण येत नव्हतं, आणि ती आपल्या गावात राहिली, शिकली, मोठी झाली. मग त्याला जे विचारायचं ते विचारू दे. भेळ खाऊन या. काय म्हणाला ते मला कळव, मी वाट बघते.

— तुझी काकू